आठ इंचाचा चौकोन आठ इंच का होत नाही, आणि टोपी डोक्यात का जात नाही

दानाच्या पांघरुणांसाठी आठ इंचाचे विणलेले चौकोन मागवले की सव्वासात, साडेसात, आठ, पावणेनऊ असे सगळे येतात. लोकर तीच, सुया त्याच नंबरच्या, टाके सगळ्यांनी मोजून चाळीसच घातलेले, तरीही. आमच्या गटात आलेले चौकोन जोडून पांघरुणं करायची आणि टोप्या मापाप्रमाणे लावायच्या, हे काम माझ्याकडे असतं. त्यामुळे हा घोळ दर हंगामात माझ्यासमोर येतो आणि दर वेळी सुटतो. पांघरुणं वृद्धाश्रमात जातात, टोप्या बाळंतिणींच्या वॉर्डात. वस्तू फुकट द्यायची आहे म्हणून कशीही चालेल, हे मला अजिबात पटत नाही. जिला ती वापरायची आहे तिला निवड नसते, म्हणून ती नीटच असायला हवी.

लक्षणं आधी बघा. तुमचं कोणतं आहे ते ओळखलं की अर्ध्या तपासण्या कराव्याच लागणार नाहीत.

- चौकोन नीट चौरस आहे, पण सगळीकडून लहान किंवा सगळीकडून मोठा आहे.
- खाली आठ इंच, वर साडेआठ किंवा साडेसात. म्हणजे वर जाता जाता पसरत किंवा निमुळता होत गेलाय.
- रुंदी बरोबर आहे, उंची कमी-जास्त आहे.
- मध्ये फुगलाय, पण सुरुवातीची किंवा शेवटची कड आखडलीय.
- एक बाजू दुसरीपेक्षा उंच आहे.
- टेबलावर ठेवला की कडा गुंडाळून आत वळतात.
- विणताना बरोबर होता, धुतल्यावर बदलला.
- टोपी अंगाला सैल आहे पण काठाशी डोक्यात शिरत नाही, किंवा माथ्यावर टोक येतं.

आता तपासण्या. सगळ्यात सोपी आणि फुकटची आधी, उसवायला लावणारी शेवटी. हा क्रम मोडू नका. पहिल्या दोन-तीन गोष्टींतच निम्म्याहून जास्त चौकोन सुटतात, आणि तोपर्यंत एक टाकाही उसवावा लागत नाही.

फूटपट्टी बदला

शिवणकामाच्या डब्यातली जुनी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबलेली असते. तिच्या टोकाची पत्री सुटलेली असेल तर पहिला पाव इंच गेलेलाच असतो. मुलांच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्य कडेपासून थोडं आत असतं, आणि घाईत आपण कडेपासून मोजतो. म्हणून चौकोनाचं माप स्टीलच्या फूटपट्टीने घ्या आणि शून्याची रेघ कुठे आहे ते आधी पाहा.

मोजायची पद्धतही तितकीच महत्त्वाची. चौकोन सुईवर असताना मोजू नका, मांडीवर ठेवून तर नाहीच. सुईवर टाके दाटीने बसलेले असतात, त्यामुळे रुंदी खरी कळत नाही. चौकोन काढून टेबलावर सपाट ठेवा, हाताने ओढू नका, तासभर तसाच राहू द्या. मग तीन ठिकाणी मोजा: सुरुवातीच्या कडेशी, मधोमध, शेवटच्या कडेशी. हे तीन आकडे लिहून ठेवा. बिघाड कुठला आहे ते पुढे तेच सांगतात. तिन्ही सारखेच लहान असले तर गोष्ट सुईची, लोकरीची किंवा हाताची. आकडे चढत किंवा उतरत गेले तर टाके वाढलेत किंवा गळलेत. फक्त टोकाचा आकडा लहान असला तर कड घट्ट झालीय.

पुठ्ठा द्या, आकडा देऊ नका

हा उपाय गटासाठी आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक याने पडतो. जाड पुठ्ठ्याचा बरोबर आठ बाय आठ इंचाचा तुकडा कापा आणि विणणाऱ्या प्रत्येकीला एक द्या. सूचना एवढीच: चौकोन पुठ्ठ्यावर ठेवला की ना पुठ्ठा बाहेर दिसला पाहिजे, ना चौकोन लोंबला पाहिजे.

बहुतेक गटांत सूचना अशी फिरते की 'दहा नंबरच्या सुईवर चाळीस टाके घाला'. गडबड तिथूनच सुरू होते. अमेरिकेत एव्ही रोझेन यांनी १९९१ साली विस्कॉन्सिनमधून 'वॉर्म अप अमेरिका' हा गरजूंसाठी पांघरुणं करायचा उपक्रम सुरू केला. तिथे ७ बाय ९ इंचाचे तुकडे मागवतात आणि असे ४९ जोडले की एक पांघरूण होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांसाठी चौकोन गोळा करणारं 'निट-अ-स्क्वेअर' ८ इंचाचा, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरचा चौकोन मागतं. जगभरातून अनोळखी हातांनी विणलेले तुकडे एकत्र जोडायचे म्हटल्यावर ठरवता येते ती फक्त लांबी-रुंदी. किती टाक्यांत ती गाठायची, हे ज्या त्या हाताने ठरवायचं. आमच्या काही ज्येष्ठ काकूंना आधी हे रुचलं नव्हतं, कारण चाळीस म्हणजे चाळीस अशी त्यांची शिस्त. पुठ्ठा हातात आल्यावर त्यांनीच तो सगळ्यात काटेकोर वापरला.

टाके मोजा

चौकोन पसरत गेला असेल तर सुईवरचे टाके मोजा. चाळीसचे त्रेचाळीस झालेले सापडतील. हे टाके जवळजवळ नेहमी ओळीच्या सुरुवातीला वाढतात. सगळ्या ओळी सुलट विणताना, नवी ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागे ओढली गेली तर पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाके वाटतात. दोन्ही विणले की एक टाका वाढला. ओळ सुरू करण्याआधी लोकर खाली ओढून घ्या आणि पहिला टाका एकटा, सुटा दिसतोय याची खात्री करा. नवशिक्या मुलींना मी पहिले काही चौकोन दर चार ओळींनी टाके मोजायला सांगते. सवय झाली की बोटांनाच कळतं.

निमुळता होत असेल तर शेवटचा टाका विणायचा राहतोय, किंवा दोन टाके एकत्र विणले जातायत. मधेच भोक दिसत असेल आणि टाका वाढला असेल, तर विणताना लोकर चुकून सुईवरून गेलीय.

एक बाजू उंच झालीय? मग विणकाम ओळीच्या मध्येच ठेवून उठला असाल आणि परत बसल्यावर उलट दिशेने सुरुवात झाली असेल. ज्या टाक्यातून लोकर लटकतेय तो टाका उजव्या सुईवर असला पाहिजे. तो डावीकडे दिसला तर विणकाम चुकीच्या बाजूने हातात आलंय. फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली तरी ओळ पुरी करूनच उठायचं, हा नियम यासाठीच.

कडा आत वळतात याचं कारण वेगळं. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट ही वीण मुळातच वळते. पुढून आणि मागून टाक्याचा ताण सारखा नसतो, म्हणून ती बाजूंनी मागे आणि वर-खाली पुढे गुंडाळली जाते. इस्त्रीने, पाण्याने, वजनाखाली ठेवून हे कायमचं जात नाही. चौकोनासाठी सगळ्या ओळी सुलट विणा, किंवा हीच वीण हवी असेल तर चारही बाजूंना चार-चार टाके आणि ओळी सुलटच्या ठेवा.

सुईचा नंबर: इथे सगळे फसतात

आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३. अमेरिकेत नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. लेक तिकडून येताना आईसाठी सुंदर बांबूच्या सुया आणते, त्यावर ८ लिहिलेलं असतं, आणि आई त्यावर आपला नेहमीचा चौकोन घालते. तो मोठा होणारच.

म्हणून गटात सुई मिलिमीटरमध्ये सांगा. नव्या सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात. आईच्या, सासूबाईंच्या काळातल्या सुयांवर फक्त नंबर असतो, कधी तोही पुसलेला. लोकरीच्या दुकानात भोकांची पट्टी मिळते. सुई ज्या भोकातून सहज पण न डुगडुगता जाते ते तिचं माप. पट्टी स्वस्त असते, गटाने एक घेऊन ठेवावी.

जोडीतल्या दोन्ही सुया तपासा. एक नऊची आणि एक दहाची अशी जोडी डब्यात सहज तयार होते. चौकोन उजेडासमोर धरला आणि एक ओळ दाट, एक ओळ विरळ असे पट्टे दिसले तर हेच कारण. हे एकदा बघायला शिकलात की लांबूनही ओळखू येतं.

सुई कशाची आहे यानेही फरक पडतो. ॲल्युमिनियमच्या सुईवर लोकर घसरते, बांबूच्या सुईवर अडते. एकीच्याच हातचे दोन सुयांवरचे चौकोन वेगळे निघू शकतात. चौकोनांची एक खेप एकाच जोडीवर पुरी करावी.

लोकर: जाडी, गुंडा आणि जात

दानाचे चौकोन बहुधा उरलेल्या लोकरीचे असतात. लेबल केव्हाच गेलेलं असतं. जाडी जुळते का हे पाहायला फूटपट्टीवर किंवा पेन्सिलीवर एक इंच भरेपर्यंत लोकर गुंडाळा, वेढे एकमेकांना चिकटून पण ओढ न देता. मग गटाच्या ठरलेल्या लोकरीचे तसेच वेढे घेऊन मोजा. एखाद्या वेढ्याचा फरक चालतो. दोन-तीन वेढ्यांचा फरक असेल तर ती लोकर वेगळ्या पांघरुणासाठी बाजूला ठेवा. बारीक लोकर दुहेरी घेऊन बघायची असेल तर आधी तिचा छोटा तुकडा विणा. दुहेरी केली की ती कधी कधी अपेक्षेपेक्षा फार जाड होते.

गुंडा घट्ट बांधला असेल तर लोकर ताणलेल्या अवस्थेतच विणली जाते. नंतर ती सैल पडते आणि चौकोन आखडतो. संध्याकाळी मापात असलेला चौकोन सकाळी पाव इंच लहान, ही तक्रार इथूनच येते. गुंडाळताना चार बोटं मध्ये ठेवा, त्यांच्यावरून लोकर घ्या आणि मग बोटं काढा. गुंडा मऊ होतो. घट्ट गुंडे महिनोन्‌महिने पडून असतील तर लड करून, पाण्यात बुडवून, वाळवून मग वापरा.

तिसरी गोष्ट म्हणजे जात, आणि धुतल्यावर बिघडणाऱ्या पांघरुणांचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. आपण दुकानात 'लोकर' मागतो आणि मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक. खरी मेंढीची लोकर गरम पाण्यात घुसळली की जमते, घट्ट होते, आकसते, आणि पुन्हा मोकळी होत नाही. संस्थेत पांघरूण मशीनमध्येच धुतलं जाणार, तेही गरम पाण्यात. अठ्ठेचाळीस चौकोनांत चार खऱ्या लोकरीचे असले तर पहिल्याच धुण्यात तेवढेच आकसतात आणि आजूबाजूचे खेचून घेतात. मग पांघरूण कधीच सपाट बसत नाही.

ओळखायचं असं: वीतभर धागा चिमट्यात धरून सिंकवर, पाणी हाताशी ठेवून, पेटवा. ॲक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळता येते. दोन्हींचं मिश्रण असेल तर दोन्ही थोडं थोडं दिसतं, अशी लोकर संशयित धरा. वितळतं म्हणजे ॲक्रिलिकला आगीची भीती आहे, हेही इथेच सांगते. रस्त्यावर राहणाऱ्या, शेकोटीजवळ झोपणाऱ्या माणसांसाठी पांघरूण करायचं असेल तर ते खऱ्या लोकरीचंच बरं.

कडा घट्ट होतायत

टाके घालताना हात घट्ट होतो, कारण टाका निसटेल ही भीती असते. बंद करताना तर जास्तच. यावर 'हात सैल ठेवा' हा सल्ला कुणालाच उपयोगी पडत नाही. टाके घालताना आणि बंद करताना एक-दोन नंबर जाड सुई घ्या. म्हणजे ८ वर विणत असाल तर ७ किंवा ६. बंद केल्यावर कड दोन्ही हातांनी ओढून पाहा. मधली वीण जेवढी ताणते तेवढी कड ताणली पाहिजे. नसेल तर फक्त शेवटची ओळ उसवा, अख्खा चौकोन नाही.

आता हाताचं गणित

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही चौकोन सगळीकडून सारखाच लहान किंवा मोठा येत असेल तर तो हाताचा फरक आहे. हात घट्ट असणं किंवा सैल असणं यात दोष काहीच नाही, फक्त तो मोजून घ्यावा लागतो.

सगळ्या ओळी सुलट विणलेल्या तुकड्यावर मधोमध फूटपट्टी ठेवून चार इंचांत किती टाके आहेत ते मोजा आणि चाराने भागा. एका इंचात ५ टाके आले तर ४० टाक्यांचे बरोबर ८ इंच होतात. तुमचा हात घट्ट असेल आणि साडेपाच आले तर त्याच ४० टाक्यांचे सव्वासात इंच. सैल हाताने साडेचार आले तर जवळजवळ नऊ. इंचामागे अर्धा टाका म्हणजे डोळ्यांना दिसतही नाही इतका फरक, पण एका चौकोनात पाऊण इंच जातो. सहा चौकोनांची ओळ केली की साडेचार इंच. जोडताना पांघरूण तिरकं होतं ते इथेच.

उपाय दोन. साडेपाच टाके येणारीने ८ गुणिले साडेपाच, म्हणजे ४४ टाके घालावेत. किंवा टाके ४० ठेवून एक नंबर जाड सुई घ्यावी. मी पहिला उपाय सुचवते. सवयीची सुई बदलली की हात पुन्हा बिथरतो, टाके बदलले तर हाताला काही कळतही नाही.

उंचीसाठी ओळी मोजायची गरज नाही. सगळ्या ओळी सुलट असतील तर दोन ओळींची मिळून एक उभारलेली रेघ दिसते, आणि अशी एक रेघ साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढीच उंच असते. म्हणून ४४ टाके असतील तर ४४ रेघा झाल्या की चौकोन चौरस झाला. शेवटी पुठ्ठ्यावर ठेवून खात्री करायची.

तरीही जमत नसेल तर कोपऱ्यातून विणा

ज्यांचा हात दिवसागणिक बदलतो, किंवा उरलेल्या चार जातींच्या लोकरींतून चौकोन करायचे आहेत, त्यांनी सरळ विणायचं सोडून कोपऱ्यातून सुरुवात करावी. चार टाके घाला. दर ओळीत दोन टाके विणून लोकर सुईवरून घ्या, म्हणजे एक टाका वाढला, बाकी ओळ सुलट. त्रिकोण वाढत जातो. त्याची बाजूची तिरकी कड पुठ्ठ्याच्या आठ इंचांना भिडली की उतरायला लागा: एक टाका विणा, दोनाचा एक करा, लोकर सुईवरून घ्या, पुन्हा दोनाचा एक, बाकी सुलट. चार उरले की बंद.

यात टाके मोजायचेच नाहीत. आठ इंच आले की वळायचं, लोकर जाड असो की बारीक, हात घट्ट असो की सैल. कडेने भोकांची एक नाजूक रांग येते, ती जोडताना सुई घालायला सोयीची पडते. एकच अडचण: अशा चौकोनाच्या कडा जरा जास्त ताणतात, म्हणून जोडताना ओढू नका. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी हाच चौकोन आधी देते.

टोप्या

टोपीचं दुखणं वेगळं असतं, कारण तिला मोजायचं माप विणकामाचं नसून डोक्याचं असतं. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर, वर्षाच्या मुलाचा ४५-४६ च्या आसपास, मोठ्या माणसाचा बहुधा ५४ ते ५८. टोपीचा घेर डोक्यापेक्षा थोडा कमी ठेवायचा, म्हणजे ती ताणून बसते. नवजात बाळासाठी न ताणता ३० सेंटिमीटर, मोठ्यांसाठी ५० च्या आसपास. उंची बाळासाठी १४-१५, मोठ्यांसाठी २० ते २२.

घरात बाळ नसतं, मग टोपी तपासायची कशावर? सोललेला नारळ घ्या. ४-५ नारळांना टेप लावून पाहिली की ३४-३५ घेराचा एक सापडतोच. तो टोप्यांच्या पिशवीत ठेवून द्या. टोपी त्यावर चढवताना जोर लावावा लागला, किंवा काठाचा वळ उठेल असं वाटलं, तर ती बाळाला घालायची नाही.

काठ घट्ट असेल तर वर सांगितलेलंच कारण: टाके घालताना घट्ट घातलेत. काठाची पट्टी एक टाका सुलट-एक टाका उलट अशी विणली तर ती चांगली ताणते, पण टाके घालायची पहिली ओळच ताणत नसेल तर वरच्या पट्टीचा उपयोग नाही. तयार टोपी उसवायची गरज नसते. काठाची पहिली ओळ कात्रीने एका ठिकाणी हलकेच कापून धागा काढत जा, मोकळे झालेले टाके सुईवर घ्या आणि जाड सुईने सैल बंद करा. संथपणे केलं तर जमतं.

माथ्यावर टोक येतंय म्हणजे टाके फार हळू कमी केलेत. चुण्या पडतायत म्हणजे फार घाईने. बाळाच्या टोपीला ६४ टाके असतील तर माथ्याला ८ भाग पाडा आणि एक आड एक ओळीत प्रत्येक भागात एक टाका कमी करा. ८ उरले की त्यांतून धागा ओवून ओढा. दोन सुयांवर विणून मागे शिवायची असेल तर शिवणीसाठी दोन टाके जास्त घाला आणि शिवण सपाट ठेवा. बाळ बहुतेक वेळ उताणं असतं, जाड शिवण त्याच्या डोक्याखाली येते.

बाळांच्या टोपीला गोंडा, रिबीन, बटण, मणी काहीही लावू नका. सुंदर दिसतं हे खरं, पण सुटून तोंडात जाऊ शकतं, बोटाला गुंडाळलं जाऊ शकतं. केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी टोपी असेल तर टाळू उघडी आणि नाजूक झालेली असते. मऊ सुती धागा किंवा बाळांसाठी मिळणारं मऊ ॲक्रिलिक घ्या, आतून गाठी नकोत.

धुणं आणि वाफ

आलेला प्रत्येक तुकडा जोडण्याआधी एकदा धुऊन सपाट वाळवावा. जे बदलायचं ते इथेच बदलू द्या. दोरीवर टांगू नका, सगळ्या ओळी सुलट विणलेली वस्तू ओल्या वजनाने उभी लांबते.

खरी लोकर ओली करून, पुठ्ठ्याच्या मापात टाचण्या लावून वाळवली तर ती त्या मापात राहते. पाव-अर्धा इंच असा सांभाळता येतो. ॲक्रिलिक पाण्याने बधत नाही. त्याला वाफ लागते, तीसुद्धा इस्त्री बोटभर उंच धरून. इस्त्री टेकली की ॲक्रिलिक मरतं: चपटं, चकचकीत, निर्जीव होतं आणि पुन्हा फुलत नाही. हा नुकसानीचा प्रकार दुरुस्त होत नाही, त्यामुळे आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहिल्याशिवाय वाफ देऊ नका.

जोडताना सांभाळायचं किती

अर्धा इंच लहान असलेला चौकोन परत पाठवू नका. चारही बाजूंनी क्रोशाने मुक्या खांबांची (क्रोशाच्या साध्या, बुटक्या टाक्यांची) एक फेरी घाला, प्रत्येक बाजूला साधारण पाव इंच मिळतो. पाव इंच मोठा असेल तर शिवताना जिरवता येतो. जोडताना एक चौकोन उभा, शेजारचा आडवा असे लावा. रेघांची दिशा आलटून-पालटून येते, त्यामुळे पांघरूण एकाच दिशेने ओघळत नाही, लहान-मोठे फरकही झाकले जातात.

इंचापेक्षा जास्त फरक असलेले चौकोन ओढूनताणून बसवू नका. लहान लहान एकत्र करून मांडीवर घ्यायचं छोटं पांघरूण करा. व्हीलचेअरवर बसणाऱ्या आजी-आजोबांना तेच सोयीचं पडतं, मोठं पांघरूण चाकात अडकतं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

जोडलेल्या पांघरुणाला भोक पडलं आणि टाके खाली धावत सुटले असतील तर स्वतः सुई घालण्याआधी तिथे सेफ्टीपिन लावा आणि रफूवाल्याकडे न्या. लोकरीचं रफू करणारा माणूस हवा, त्याने आधी केलेलं काम पाहून द्या.

पांघरुणाला मागून कापड लावायचं असेल तर घरच्या मशीनवर सुरुवात करू नका. जाड विणकाम पायाखाली ताणलं जातं, कापड मागे राहतं, टाके उडतात. गोधड्या शिवून देणाऱ्या बायका हे हाताने, धावदोऱ्याने, फार छान करतात. त्यांची मजुरी गटाच्या खर्चात धरा.

कसर लागलेली किंवा बुरशीचा वास येणारी लोकर दुरुस्त करू नका, पिशवीत बांधून बाकीच्या लोकरीपासून लगेच दूर करा.

वॉर्डासाठी टोप्या विणायच्या असतील तर पहिली टोपी विणण्याआधीच तिथल्या इन्चार्ज सिस्टरना विचारा: कोणती मापं हवी आहेत, धागा कोणता चालतो, धुऊन कशा द्यायच्या. कमी वजनाच्या बाळांची मापं फार वेगवेगळी असतात, ती आपण घरी बसून ठरवू नयेत. टोपी कधी घालायची आणि कधी काढायची हेही तेच सांगतील.

आणि हात. एखादीचे चौकोन वर्षानुवर्षं एकसारखे येत असतील आणि अचानक घट्ट किंवा वेडेवाकडे यायला लागले, तर लोकर-सुई तपासण्याआधी तिला विचारा की हात दुखतोय का. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, सुई हातातून निसटणं, ही मनगटातली नस दाबली जात असल्याची लक्षणं असू शकतात. यावर जाड सुई, मऊ लोकर, बाम, पट्टा असले घरगुती प्रयोग करत बसू नये. विणकाम बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं, आणि ते सांगतील तेव्हाच परत सुया घ्याव्यात. तोवर तिच्या वाटणीचे चौकोन बाकीच्यांनी वाटून घ्यायचे.